दातांचे यंत्र आणि आमची नोंदवही
(न्हावरे येथील दंत तपासणी शिबिरात केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. दातांवर आम्ही काय बोलणार, असे कोणास वाटले तर त्यात गैर नाही. परंतु वर्गणीतून चार यंत्रे घेतली आणि हिशेब आमच्याकडे आला, म्हणून उभे राहिलो.

दात कोरण्याच्या या यंत्राला डॉक्टर एअरोटर म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत डॉ. जॉन बोर्डन यांनी ते आणले. हवेच्या दाबाने आतले इवलेसे चक्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. घोडगंगा कारखान्यात काम केलेल्यांनी बेअरिंगे पुष्कळ पाहिली असतील, पण असा वेग नव्हे. चक्र थांबताना तोंडातली लाळ, रक्त आत ओढले जाऊ शकते. वरून स्पिरिटचा बोळा फिरवून आतले जंतू मरत नाहीत.

पूर्वी एका शिबिरात एकच यंत्र पुसून पुसून सर्वांच्या तोंडात फिरलेले आम्ही पाहिले. रांगेत आमची आईही होती. आम्ही गप्प राहिलो. काही ठाऊकच नव्हते. १९९०-९१ मध्ये फ्लोरिडातील एका दंतवैद्याच्या रुग्णांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे उघड झाले. ती कशी झाली हे नक्की ठरले नाही. पण १९९३ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रत्येक रुग्णानंतर यंत्र उष्णतेने निर्जंतुक करण्याची शिफारस केली.

वाफेने यंत्र लवकर जाते, अशी तक्रार असते. ती अर्धी खरी. १३४ अंशांच्या वाफेत बेअरिंग झिजते, बर धरणारा चक सैल पडतो. पण तेल न घातल्याने आणि हवेचा दाब वाढवल्यानेही पुष्कळ नुकसान होते. यंत्र स्वच्छ करावे, तेल घालावे, फिरवून जादा तेल काढावे, मगच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवावे. बिघडले तरी सारे यंत्र टाकायचे नसते. आतले टर्बाइन बदलता येते.

या सगळ्यास तासभर लागतो. म्हणून एक तास दात भरणे, एक तास नुसती तपासणी, असा क्रम आम्ही लावला. प्रत्येक यंत्राला क्रमांक दिला. वहीत वाफेच्या फेऱ्या, आवाज, बर डगमगतो का, हे लिहितो. वीज मध्येच गेली तर ती फेरी निर्जंतुकीकरणात धरायची नाही, झिजेत मात्र धरायची. बँकेत असे दुहेरी खाते चालले नसते!

हे चौथे शिबिर. पहिल्या यंत्राची आज अकरावी फेरी. आवाज किंचित बदलला, असे डॉक्टर म्हणाले. जेवणानंतर त्याचे टर्बाइन काढून पाहणार आहोत.