एका पानाचे दोन रंग

ब्लाउजच्या बाहीवर आंब्याचं पान भरायचं आहे: अर्धं गडद हिरवं, अर्धं पोपटी. हाताने भरणारी कारागीर मधल्या शिरेपाशी दोरा बदलते आणि पुढे भरत जाते. संगणकावर चालणाऱ्या एम्ब्रॉयडरी मशीनला मात्र हे आधीच सांगावं लागतं, कारण तिथे एका आकाराला एकच रंग देण्याची रीत आहे.

म्हणून डिझायनर पडद्यावर पानाच्या मधून रेघ ओढतो आणि त्याचे दोन स्वतंत्र तुकडे करतो. इंकस्केपला जोडून चालणाऱ्या इंक-स्टिच या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे जमतं.

खरी कसोटी पुढे आहे. दोरा ताणला जातो तसं कापड टाक्यांच्या दिशेने आत ओढलं जातं. पडद्यावर एकमेकांना चिकटलेले तुकडे मग प्रत्यक्षात फाकतात आणि फटीतून कापड डोकावतं. जाणकार डिझायनर त्यासाठी एक तुकडा दुसऱ्याखाली अर्धा-एक मिलिमीटर सरकवतो आणि भरावाखाली विरळ टाक्यांचा अंडरले घालतो. एवढ्या बारकाईनेच पान जिवंत दिसतं.

रंग हळूहळू मिसळायचे असतील तर? नेहमीच्या भरावात ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर असतं. दोन्ही रंगांसाठी ते वाढवून ओळी एकमेकींत गुंतवल्या, की छटा उतरते.

एका सुईच्या मशीनवर रंग बदलताना दर वेळी दोरा हाताने ओवावा लागतो. १५ सुयांचं मशीन स्वतःच सुई बदलतं. पण मशीनला डिझाइन ज्या डीएसटी फाइलमधून दिलं जातं, तिच्यात तर रंगच नोंदलेला नसतो, फक्त बदलाची खूण असते. त्यामुळे कोणत्या टप्प्याला कोणतं रीळ, याचा तक्ता फाइलसोबत द्यावाच लागतो.