शेपू, पेन्सिल आणि ब्रेक्झिट
(१९८५ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली, "राजकारण नको." कारण तुम्हाला माहीत आहे. लोकसभेच्या मागच्या निवडणुकीच्या वेळी आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून दोघेजण तणतणत बाहेर पडले. दोघेही आज आलेत. एक पहिल्या रांगेत बसलाय, एक शेवटच्या. मी विचारलं, इकडचं नाही बोलत, तिकडचं चालेल का? "तिकडचं खुशाल बोल," म्हणाले. म्हणून आज ब्रेक्झिट.

मी २००१ पासून इंग्लंडात लेस्टरला राहतो. भाजीपाला पॅक करणाऱ्या कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. त्यासाठी आठवड्यातले दोन-तीन दिवस लिंकनशायरमध्ये, बोस्टन गावाच्या आसपास जावं लागतं. अमेरिकेतलं बोस्टन नव्हे, ज्याच्यावरून त्याला नाव पडलं ते मूळचं. सगळीकडे सपाट काळी जमीन, आपल्या कृष्णाकाठच्या मळीसारखी. कोबी, फ्लॉवर, बटाटा. २००४ साली पोलंड, लिथुआनिया वगैरे देश युरोपियन युनियनमध्ये आले आणि ब्रिटनने त्यांच्या कामगारांना लगेच दार उघडलं. दहा वर्षांत बोस्टनच्या बाजारपेठेतल्या पाट्या बदलल्या. कोबी काढणारे, पॅक करणारे, सगळे तिकडचे. त्यांच्यावाचून एक दिवस कारखाना चालला नसता. पण घरभाडी वाढली, डॉक्टरची वेळ मिळेना, आणि गावातल्या जुन्या माणसाला वाटायला लागलं की आपल्याला कुणी विचारलंच नाही. हे लोक वंशद्वेष्टे होते असं लंडनची वर्तमानपत्रं लिहायची. काही होते. पण मी ज्यांच्याबरोबर डबा खायचो त्यातले बहुतेक तसे नव्हते.

ब्रिटन १९७३ मध्ये त्या संघटनेत गेला. १९७५ मध्ये सार्वमत घेतलं तेव्हा ६७ टक्के लोक राहायचं म्हणाले. पंतप्रधान कॅमेरून यांनी २३ जून २०१६ ला पुन्हा तोच प्रश्न विचारला. राहायचं की बाहेर पडायचं? मतपत्रिकेवर दोन चौकोन. तिकडे मतदान पेन्सिलीने फुली मारून करतात. पेन्सिलीची खूण सरकार खोडून टाकेल, घरून पेन घेऊन जा, असंही लोक एकमेकांना सांगत होते. अविश्वास इतका.

प्रचारात दोन्ही बाजूंनी फेकाफेक झाली. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिलं होतं, आपण आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला पाठवतो. त्यातली सूट आणि परत येणारा पैसा त्यांनी धरलाच नव्हता. राहा म्हणणाऱ्यांचे अर्थमंत्री ऑस्बर्न सांगत होते की नुसतं मत दिलंत तरी लगेच मंदी येईल. ती आली नाही. मतदानाला आठवडा असताना जो कॉक्स या खासदार बाईंचा भर रस्त्यात खून झाला, तेव्हा मात्र दोन दिवस सगळे गप्प झाले. दोनच दिवस.

आता माझ्याविषयी. हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय.

माझा पासपोर्ट तेव्हा भारतीय होता. तरी मला मत होतं, कारण कॉमनवेल्थ देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहत असेल तर त्याला मत देता येतं. माझा शेजारी पोलंडचा. बारा वर्षं तिथे राहिलेला, कर भरणारा, मुलं तिथल्याच शाळेत. त्याला मत नव्हतं. त्याने घरात राहायचं की नाही हे मी ठरवायचं, असा तो मामला. कुंपणापलीकडून तो हसत म्हणाला होता, "माझंही तूच दे."

मी बाहेर पडण्याच्या बाजूने फुली मारली.

का, ते सांगतो. बाबा २०११ मध्ये गेले. आई इथे कराडात एकटी. तुमच्यातल्या अनेकांनी तिच्या हातची थालीपीठं खाल्लीत. तिला कायमचं माझ्याकडे न्यावं म्हणून कागद जमवत होतो, आणि २०१२ च्या जुलैमध्ये नियम बदलले. म्हातारे आईवडील आणायचे तर त्यांना अंघोळ-जेवणासाठी कायम दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत त्यांच्या देशात पैसे देऊनही मिळत नाही, हे सिद्ध करायचं. वकिलाने विचारलं, "तुम्ही पैसे पाठवून तिथे बाई ठेवू शकता ना? मग अर्ज करू नका." त्याच सुमारास शेजाऱ्याची आई पोलंडहून आली. युरोपियन नागरिकाला अवलंबून असलेली आई आणायला असलं काही लागत नव्हतं. म्हातारी गोड होती. मागच्या अंगणात शेपू लावायची आणि कुंपणावरून मला जुडी द्यायची. ते लोक बटाट्यावर, सूपमध्ये, कशातही शेपू घालतात. मी ती जुडी घेऊन घरात यायचो आणि माझ्या पोटात आग पडायची. हिला येता येतं, माझ्या आईला नाही. माझा युरोपशी काही वाद नव्हता. सीमाशुल्क संघ म्हणजे काय, आयर्लंडच्या सीमेचं काय होणार, मला काही माहीत नव्हतं. प्रीती पटेल वगैरे मंडळी म्हणत होती की युरोपचं दार बंद झालं की भारतीय उपखंडातल्या लोकांना न्याय मिळेल. मी ते धरून बसलो.

२४ तारखेला पहाटे निकाल लागला. ५२ विरुद्ध ४८. लेस्टर शहर ५१ टक्क्यांनी राहायचं म्हणालं. बोस्टनने ७५ टक्क्यांहून जास्त मतं बाहेर पडण्याला दिली, देशात सगळ्यात जास्त. त्या दिवशी मी तिथल्याच एका कारखान्यात होतो. कॅन्टीनमध्ये पोलिश बायका एका टेबलावर, इंग्रज दुसऱ्या. रोज मिसळून बसायचे. फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण उठून त्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "तुमच्याविषयी नव्हतं हां ते." एक बाई म्हणाली, "मग कुणाविषयी होतं?" तो उभाच राहिला. मीही चहाचा कप घेऊन उभाच होतो, पण मला कुणी विचारलं नाही. माझ्या रंगाकडे बघून सगळ्यांनी मला पहिल्या टेबलात धरलं होतं.

घरी त्याहून वाईट. मुलगी १९ वर्षांची, पहिलंच मत, तिने राहायला दिलेलं. मी कुणाला दिलं ते तिने जेवताना विचारलं आणि मी खोटं बोललो नाही. सहा आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. "तुम्ही माझे सत्तावीस देश घालवलेत," एवढं एक वाक्य. नंतर बोलायला लागली ते भांडायलाच. तेव्हा मला आपले इतिहासाचे सर आठवले. वादविवाद स्पर्धेआधी ते चिठ्ठ्या उचलायला लावायचे आणि आपलं मत काही असो, चिठ्ठीत निघेल ती बाजू मांडायला लावायचे. मी मुलीला म्हटलं, तू माझी बाजू मांड, मी तुझी मांडतो. तिने माझी बाजू मांडली. आजी, कराडचं घर, तो वकील, दर रविवारी फोनवर आजी काय विचारते, सगळं. मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. माझ्यावर पाळी आली तेव्हा दोन मिनिटांत मी संपलो. तिची बाजू मला माहीतच नव्हती. मी तीन महिने नुसता वरच्या पट्टीत बोलत होतो.

पुढची तीन-साडेतीन वर्षं अख्खा देशच वरच्या पट्टीत होता. न्यायाधीशांनी संसदेला विचारा म्हटलं तर एका वर्तमानपत्राने त्यांना जनतेचे शत्रू ठरवलं. थेरेसा मे यांचा करार संसदेने तीनदा फेटाळला, पहिल्यांदा तर २३० मतांनी. मार्च २०१९ मध्ये खासदारांनी एका संध्याकाळी आठ पर्यायांवर मतदान केलं, आठही नापास. आपल्या वेळी इतके विषय राहिले असते तर सरांनी वर्गात घेतलं नसतं. निर्णय रद्द करा म्हणून साठ लाखांवर सह्या झाल्या. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला रात्री अकराला ब्रिटन बाहेर पडला. पासपोर्टचं कव्हर जुन्यासारखं निळं झालं म्हणून काही लोक नाचले. ते निळे पासपोर्ट तयार होतात पोलंडमध्ये.

आईवडिलांचा तो नियम? आहे तसाच आहे. युरोपियनांना मिळायची ती सवलत काढली, आम्हाला काही मिळालं नाही. भारतातून विद्यार्थी आणि नर्स खूप आल्या, हे खरं. शेतावर आता उझबेकिस्तान-किरगिझस्तानहून हंगामी व्हिसावर मजूर येतात, आणि बोस्टनमधली मंडळी पुन्हा तेच म्हणतात, आम्हाला कुणी विचारलं नाही. आई २०१८ च्या ऑगस्टमध्ये गेली. मला विमान मिळून पोहोचायला दीड दिवस लागला. तुमच्यातल्या चौघांनी तिला खांदा दिला. ते दोघे, पहिल्या रांगेतला आणि शेवटच्या रांगेतला, त्या चौघांत होते.

पुढच्या वर्षी युरोपियन लोकांना तिथे राहण्यासाठी नव्याने नोंदणी करायला लावली. सुरुवातीला ते अ‍ॅप फक्त अँड्रॉइड फोनवर चालायचं, आणि शेजाऱ्याच्या घरात सगळे आयफोन. म्हातारीला घेऊन तो माझ्याकडे आला. तिचा पासपोर्ट टेबलावर ठेवून त्यावर माझा फोन धरायचा होता. माझा हात थरथरत होता, अ‍ॅप पुन्हापुन्हा नाही म्हणत होतं. मी म्हटलं, "ऐक, मला तुला एक सांगायचंय. २०१६ ला मी..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुझी मुलगी त्याच आठवड्यात आमच्याकडे येऊन रडून गेली. तुझ्या आईचंही तिने सांगितलं."

"मग तू इतकी वर्षं काही बोलला नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. आता फोन हलवू नकोस."

म्हातारीला इंग्रजी कळत नव्हतं. तिने पिशवीतून शेपूची जुडी काढून माझ्यापुढे ठेवली.