पाठ होणाऱ्या मजकुराची जबाबदारी



शैक्षणिक लेखकांच्या संमेलनात अध्यक्षानं पाठ्यपुस्तकांवर बोलावं अशी रीत आहे. मी आज ऑनलाइन फ्लॅशकार्डांवर बोलणार आहे. सकाळपासून इथल्या तरुण लेखकांशी गप्पा चालल्या आहेत आणि बहुतेकांच्या हातात सध्या हेच काम आहे. कुणाकडे दहावीच्या विज्ञानाचा संच, कुणाकडे एमपीएससीसाठी राज्यघटनेचा, कुणाकडे पहिलीच्या मुलांसाठी चित्रांचा. कंपनीकडून एक्सेल शीट येते. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात धड्याचं नाव. सोबतच्या सूचनापत्रकात अक्षरमर्यादा असते, फाइलला नाव कसं द्यायचं ते असतं, किती कार्डं कुठल्या तारखेपर्यंत हवीत तेही असतं. चांगलं कार्ड कशाला म्हणायचं, हे मात्र त्यात क्वचितच सापडतं. ते आपण लिहून काढलं पाहिजे.

याची निकड मला का वाटते ते सांगतो. पुस्तकातलं चुकीचं वाक्य मूल एकदा-दोनदा वाचतं आणि बऱ्याचदा विसरून जातं. चुकीच्या कार्डाचं तसं होत नाही. ते आज समोर येतं, परवा येतं, आठवड्यानं येतं, महिन्यानं पुन्हा येतं. विसरू न देणं हेच त्याचं काम आहे. म्हणजे आपण लिहितो तो मजकूर वाचला जात नाही, तो पाठ होतो. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलाचा हात न थांबता तेच उत्तर लिहितो. एवढा भरवसा ज्या ओळीवर ठेवला जातो, ती लिहिणाऱ्याला त्या ओळीची खात्री छातीवर हात ठेवून देता आली पाहिजे.

या साधनामागचा विचार जुना आहे. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेळानं किती विसरतात याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्डांचा कप्पेदार खोका लोकांपुढे आणला. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पुढचे कप्पे उशिरा उघडायचे, म्हणजे जे येत नाही ते वारंवार समोर येतं. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये हीच कल्पना संगणकावर आणली आणि २००६ मध्ये आलेल्या अँकीसारख्या मोफत प्रणालीनं ती जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली. त्याच २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

आपल्याकडे हे कळायला प्रयोगशाळा लागली नसती. आपल्या आजी-आजोबांनी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दीडकी, औटकीसुद्धा म्हटली आहे. पण ज्यानं पाढा केवळ ओळीनं म्हटला आहे त्याला मधलंच विचारा, आठ सत्ते किती? तो मनात ‘आठ एके आठ’पासून सुरुवात करतो. आधीची ओळ त्याला पुढची ओळ देते, सुटं उत्तर त्याच्याजवळ नसतं. कार्डाचा खरा उपयोग इथे आहे. ते क्रम मोडून विचारतं. म्हणून संच लिहिताना धड्यातल्या ओळींच्या क्रमावर कार्डानं टेकता कामा नये. ‘वरीलपैकी दुसरं कारण कोणतं?’ असा प्रश्न मी सादर झालेल्या संचांत पाहिला आहे. कार्डाला ‘वरील’ काही नसतं.

वोझ्नियाक यांनी १९९९ मध्ये कार्ड लिहिण्याचे वीस नियम मांडले. त्यांची सुरुवात, जे समजलं नाही ते पाठ करू नका, इथून होते. आणि लवकरच ते एका कार्डात कमीत कमी मजकूर असावा या मुद्द्यावर येतात. या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळणं हेच आपलं कसब. ‘पानिपतच्या तिसऱ्या लढाईची माहिती सांगा’ हे कार्ड नव्हे, तो निबंधाचा विषय झाला. मुलाला चार गोष्टी आठवल्या आणि दोन नाही, तर त्यानं ‘आलं’ हे बटण दाबायचं की ‘नाही आलं’ हे? त्यापेक्षा, लढाई कोणत्या तारखेला झाली: १४ जानेवारी १७६१. मराठी सैन्याचं नेतृत्व कुणी केलं: सदाशिवरावभाऊ. समोर कोण होतं: अहमदशाह अब्दाली. तीन कार्डं, प्रत्येकाला एकच उत्तर. पण मग मराठे का हरले? रसद कशी तुटली, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा भार किती होता, उत्तरेतली कोणती सत्ता का अलिप्त राहिली, हे कार्डात कोंबू नये. त्यासाठी धडा आहे, शिक्षक आहेत. संचाच्या तोंडाशी ‘आधी अमुक धडा वाचा’ एवढी ओळ लेखकानं आग्रहानं घालावी, कंपनीनं मागितली नसली तरी.

तरीही कार्डानं तारखा आणि नावंच विचारावीत असं मी म्हणणार नाही. वस्तुमान आणि वजन यांतला फरक घ्या. बहुतेक संचांत दोन व्याख्या असतात. मुलं त्या घडाघडा म्हणतात आणि दुकानात जाऊन पाच किलो वजनाचा तांदूळ मागतात. त्याऐवजी असं कार्ड करा: पृथ्वीवर १० किलोग्रॅम वस्तुमान असलेला दगड चंद्रावर नेला, तिथे त्याचं वस्तुमान किती? उत्तर १० किलोग्रॅमच. लगेच दुसरं: त्याच दगडाचं वजन पृथ्वीवरच्या तुलनेत किती? सुमारे एक षष्ठांश. ही दोन कार्डं ज्याला येतात त्याला व्याख्या कळलेली असते. अशा जोड्या शोधायला वेळ लागतो. त्यासाठी विषय नीट माहीत असावा लागतो, आणि म्हणूनच हे काम कुणाही टंकलेखकाकडून करून घेण्यासारखं नाही.

मराठीत कार्ड लिहिणाऱ्याला एक जास्तीची काळजी घ्यावी लागते, तिच्याकडे फार थोडे लेखक लक्ष देतात. आपलं क्रियापद उत्तर फोडतं. ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून कोण ओळखली जाते?’ असं विचारून पर्याय दिले: केंद्रक, हरितलवक, तंतुकणिका, रायबोसोम. ‘ओळखली’ म्हटल्याबरोबर स्त्रीलिंगी शब्द एकच उरतो. मुलाला जीवशास्त्र न येताही ‘बरोबर’ असा हिरवा शेरा मिळतो. वाक्य फिरवून ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र कशाला म्हणतात?’ असं केलं की झालं. गाळलेल्या जागांच्या कार्डांत तर हे पावलोपावली होतं. कार्डं उलट बाजूनं विचारण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते, तीही डोळे मिटून वापरू नये. सोडिअमची संज्ञा दोन्ही बाजूंनी विचारता येते. कळसूबाई शिखराचा जिल्हा विचारला तर अहिल्यानगर हे उत्तर ठीक, पण उलटं करून नुसतं ‘अहिल्यानगर जिल्हा’ दाखवलं तर मुलानं काय ओळखायचं?

टंकलेखनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण याचा भुर्दंड मुलांना पडतो. ‘वाऱ्यावर’ किंवा ‘दऱ्या’ या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे. कार्डात एक रीत असेल आणि मुलाच्या कीबोर्डवर दुसरी, तर शब्द बरोबर लिहूनही लाल फुली येते. आकड्यांचं तेच. उत्तर देवनागरी अंकांत साठवलं आणि मुलानं इंग्रजी अंक दाबले, की उत्तर चुकीचं ठरतं. टाइप करून उत्तर द्यायचं असेल तिथे चालणारी सगळी रूपं लेखकानं शीटमध्ये नोंदवावीत आणि कंपनीनं त्यासाठी रकाना द्यावा.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. कार्डं जुनी होतात, आणि ती जुनी झाल्याचं कुणालाच कळत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ याचं उत्तर ३५ होतं, आता ३६ आहे. जिल्ह्यांची नावं बदलली. शनीच्या चंद्रांची संख्या २०२५ मध्ये एकदम १२८ नं वाढून २७४ झाली. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना याची झळ फार बसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ ऐवजी १०३ झालं. ‘खुनाची शिक्षा: कलम ३०२’ हे कार्ड वर्षभर घोकलेल्या मुलाला नवीन कलम शिकण्याआधी जुनं विसरावं लागतं. आणि नुसता आकडा बदलूनही भागत नाही, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागते. कार्डावर तारीख हवीच. म्हणून माझा आग्रह आहे: बदलू शकणाऱ्या प्रत्येक कार्डावर ‘अमुक तारखेला तपासले’ अशी नोंद असावी, माहितीचा आधार शीटमध्ये लिहिलेला असावा, आणि चूक कळवायला वाचकाला एक बटण असावं. त्या बटणावरून आलेली तक्रार लेखकापर्यंत पोहोचली पाहिजे. दुरुस्तीचं मानधन मूळ करारातच ठरलेलं असावं.

हल्ली मजकूर यंत्राकडून तयार करून घेण्याची सोय झाली आहे. पाच मिनिटांत शंभर कार्डं येतात. वापरायला माझी हरकत नाही. पण आलेलं प्रत्येक उत्तर मूळ पुस्तकाशी, राजपत्राशी, कोशाशी ताडून पाहायला लेखकाला स्वतः कार्ड लिहिण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्त. दर ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तसंच बालभारतीच्या पुस्तकातली आकृती किंवा परिच्छेद जसाच्या तसा उचलू नये. वस्तुस्थिती कुणाच्याच मालकीची नसते. वाक्यरचना आणि चित्र असतं.

मानधनाकडे येतो. दर कार्डाला दर, ही पद्धत लेखकाला वाईट लिहायला लावते. एका प्रश्नाची तीन कार्डं केली की पैसे तिप्पट, आणि वस्तुमानाच्या जोडीसाठी अर्धी दुपार घातली तर दोन कार्डांचेच पैसे. संचाला दर असावा आणि तपासणीचा वेळ त्यात धरलेला असावा.

हक्कांबाबत आपल्यापैकी अनेकजण विनाकारण घाबरून सह्या करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या लेखनाचा पहिला हक्क, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा असतो. मुक्त लेखक नोकर नाही. करारात वेगळं नसेल तर पहिला हक्क त्याचा. एकेकट्या कार्डातल्या माहितीवर हक्क सांगता येणार नाही, पण निवडलेला, रचलेला संच हे संकलन आहे आणि कायदा संकलनालाही साहित्यकृती मानतो. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. हक्क देऊन टाकले तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार कलम ५७ नुसार शाबूत राहतो. पैशांच्या विलंबासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आहे. उद्यम नोंदणी एकट्या लेखकालाही करता येते, आणि नोंदणी असेल तर काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडची मुदत करारातही घालता येत नाही. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं.

संचावर लेखकाचं नाव असावं, हे मी मानासाठी म्हणत नाही. नाव असलं की विचारणा कुणाकडे करायची ते शिक्षकांना कळतं, आणि लिहिणारा शेवटचं कार्डसुद्धा पहिल्याइतक्याच काळजीनं तपासतो.

या मुद्द्यांचा मसुदा कार्यकारिणीनं तयार केला असून त्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. कार्डाची रचना, तपासणीची तारीख, चालणाऱ्या उत्तररूपांचा रकाना, दुरुस्तीचं मानधन आणि लेखकाचं नाव अशी पाच कलमं त्यात आहेत. पहिलीच्या चित्रकार्डांबद्दल आणि दृष्टिहीन मुलांसाठी चित्रांचं वर्णन कसं द्यावं याबद्दल त्यात पुरेसं आलेलं नाही. विशेष शाळांत शिकवणारे जे आज इथे आहेत त्यांनी ते कलम लिहून द्यावं, अशी माझी त्यांना विनंती आहे. बाकीच्या दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीत लेखी द्या. ठराव तीन वाजता चर्चेला घेऊ.