शिक्क्याची चोरी

शिवकालीन राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. पत्राच्या खरेपणाची ती खूण. श्रोतेहो, आपल्या शरीरातील पेशींचा कारभारही काहीसा असाच चालतो.

पेशीच्या केंद्रकात डीएनएचे मूळ दप्तर असते. त्यातील हव्या त्या मजकुराची नक्कल आरएनएच्या रूपाने बाहेर येते. तिच्या माथ्यावर एक रासायनिक शिक्का असतो. तो पटला, की रायबोसोम नावाचे सूक्ष्म कारखाने मजकूर वाचून त्याबरहुकूम प्रथिने घडवितात. विषाणूपाशी असे कारखाने नाहीत. परक्याच्या कारखान्यातून आपला माल काढून घेणे, एवढाच मार्ग त्याला मोकळा असतो.

पोलिओचा विषाणू पाहा. त्याचा आरएनए सुमारे ७,५०० अक्षरांचा. पेशीला तो जसाच्या तसा वाचता येतो. परंतु त्यावर शिक्का नाही. त्याऐवजी त्याच्या आरंभीच्या घड्यांत रायबोसोमला आत घेणारा एक चोरदरवाजा आहे, असे १९८८ साली दिसून आले. या मजकुरावरून एकच लांबलचक प्रथिन तयार होते आणि मग त्याचे तुकडे पडतात. त्यांतील एक तुकडा कात्रीचे काम करतो. शिक्का ओळखणारे प्रथिन आणि रायबोसोम यांना जोडणारा दुवाच तो कापून टाकतो. पेशीची खरी पत्रे पडून राहतात आणि बिनशिक्क्याचे पत्र तेवढे वाचले जाते.

इन्फ्लुएन्झाची रीत निराळी. त्याचा आरएनए आठ तुकड्यांचा, आणि छापखान्यातील खिळ्यांसारखा उलटा. म्हणून सुलट नक्कल उतरविणारे विकर तो बरोबरच आणतो. शिक्का मात्र त्याला घडविता येत नाही. तेव्हा केंद्रकात शिरून तो पेशीच्या पत्रांचे माथे शिक्क्यासह छाटतो आणि आपल्या नकलांना जोडतो!

हे सारे जाणून लाभ काय? माथे छाटणारे ते पातेच बोथट करणारे बॅलॉक्सव्हिर हे औषध २०१८ साली जपान व अमेरिका येथे मान्य झाले. पोलिओच्या कात्रीवर असा उपाय नाही. तेथे लस आधीच टोचावी वा पाजावी लागते. ती नेटाने दिली गेली, म्हणूनच निसर्गातील पोलिओ-विषाणूने बाधलेला भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालमध्ये आढळला. रायबोसोमला आपपर कळत नाही. खोटा जासूद वेशीवरच अडविणे, हे काम आपले आहे.