रोजचे पान आणि हृदयविकार
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आहाराविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही वैद्य नव्हे. जन्मभर शाळेत अंकगणित शिकविले. तेव्हा हिशेबच मांडतो.

२०१६ साली आमच्या धाकट्या बंधूंस बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. ईश्वरकृपेने ते वाचले. त्यांना तंबाखूचे व्यसन नाही, हॉटेलात खाणे नाही. डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली तेव्हा "साधे घरचे जेवण" असे आम्ही अभिमानाने सांगितले. त्यांनी विचारले, "घरात मीठ किती लागते?" कोणासच उत्तर देता येईना.

घरी येऊन वाण्याच्या याद्या पाहिल्या. चार माणसांस महिना एक किलो! माणशी रोज आठ ग्रॅमांहून अधिक झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस पाच ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाचा चमचाही पूर्ण न भरेल इतकेच मीठ सांगते. त्या मानाने चौघांस महिना सहाशे ग्रॅमही पुष्कळ. आणि विकतच्या पापडांतील, फरसाणातील, पावातील मीठ या हिशेबात धरलेलेच नाही. मीठ फार झाले की शरीरात पाणी साठते, रक्तदाब चढतो. वर्षानुवर्षे चढलेल्या दाबाने रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा होते व तेथे मेदाचे थर बसू लागतात. सैंधव सात्त्विक म्हणून सढळ हाताने घालणाऱ्या भगिनींनी क्षमा करावी. तेही बहुतांशी तेच मीठ होय.

बंधूंचे वय ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटले. परंतु ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' नामक अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांस पहिला झटका साधारणतः ५३ व्या वर्षी, तर इतरत्र ५९ च्या सुमारास आल्याचे आढळले. रोज फळे व भाज्या खाणे आपल्याकडे कमी, हेही त्यात दिसून आले. वाटीच्या तळाशी चमचाभर भाजी आणि ताटात भाताचा डोंगर, हे चित्र आपणांस अपरिचित नाही.

तेलाविषयी थोडेच सांगतो. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदावर सरकारने २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, हे उत्तम झाले. पण तळणीचे तेच तेल पुनःपुन्हा तापविण्याची आपली काटकसर कोणता कायदा थांबविणार? साजूक तुपाचा आम्हांसही लोभ आहे. ते वरणभातावर चमचाभर शोभते, वाटीभर नव्हे.

बंधूंच्या घरी आता महिन्यास अर्धा किलो मीठ येते. पहिला पंधरवडा आमटी अळणी लागली, पुढे जीभ रुळली. औषधे अर्थातच चालू आहेत. आहार सुधारला म्हणून ती कोणी आपल्या मनाने सोडू नयेत.

पानाच्या डाव्या बाजूस मीठ वाढण्याची आपली रीत आम्ही मोडू इच्छीत नाही. आजच्या पंक्तीत ते चिमूटभरच वाढले जाईल. कोशिंबीर मात्र दोनदा फिरणार आहे, असे पाकशाळेच्या व्यवस्थापकांनी आम्हांस कळविले आहे.