वाळवणाचा हिशेब



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या आम्ही आंब्याच्या साठांवर व्याख्यान द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्याला पगाराची चिठ्ठी वाचता येते त्याला आंबापोळीच्या पुड्यावरचे आकडेही वाचता आले पाहिजेत. दोन्हींतली फसगत एकाच जातीची असते. रसायनशास्त्र आम्ही शिकलो ते वाचनालयात. तेव्हा शब्द साधेच वापरू.

१०० ग्रॅम रसात सुमारे ८० ग्रॅम पाणी असते. पोळीत १५ टक्के पाणी ठेवले, तर हाती उरते साडेतेवीस ग्रॅम. आता समजा, रसात ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व होते आणि वाळवताना निम्मे गेले. उरले १५. पण ते आता साडेतेवीस ग्रॅमांत आहे. म्हणून पुड्यावर ‘१०० ग्रॅमला ६४ मिलिग्रॅम’ असे खुशाल छापता येते! आकडा दुप्पट, माल निम्मा. महागाईत पगार फुगतो आणि बाजाराची पिशवी हलकी होते, त्यातलाच हा प्रकार.

क जीवनसत्त्वाचे वैरी तीन: उष्णता, प्राणवायू आणि लांबलेला वेळ. रसाला पिवळेपणा देणारे कॅरोटीन, ज्याचे शरीरात अ जीवनसत्त्व होते, उष्णता त्या मानाने सोसते. प्रकाश आणि प्राणवायू मात्र त्याला सोसत नाहीत. कोकणातल्या अंगणात ताटात रसाचा थर पसरतात, तो सुकला की वर दुसरा, असे दिवसचे दिवस चालते. ऊन फुकट खरे, पण त्याची किंमत कॅरोटीन मोजते. तोच रस पातळ थराने बंद कपाटात, साठ अंशांच्या वाहत्या हवेत काही तासांत वाळतो आणि बहुधा अधिक सत्त्व राखतो. गोठवलेल्या रसातला बर्फ निर्वात पेटीत थेट वाफ करून काढला, तर सर्वांत जास्त टिकते. मात्र यंत्र आणि वीज इतकी महाग, की ती पूड आमच्या सभासदांच्या घरी यायची नाही.

आता गंधकाविषयी. रंग राखण्यासाठी फळे वाळवणारे कारखाने गंधकाचा वायू किंवा त्याचे क्षार वापरतात. त्याने क जीवनसत्त्व आणि कॅरोटीन दोन्ही अधिक टिकतात, ब-१ मात्र नष्ट होते. आणि धुरीच्या खोलीचे दार उघडणाऱ्या बाईचे डोळे चुरचुरतात, घसा धरतो. दमेकरी असेल तर तिचा जीवच कोंडतो. पुड्यावर ही बाजू छापत नाहीत. आमचे मागणे फार खर्चाचे नाही: वायू बाहेर ओढणारा पंखा लावा, आणि खोली मोकळी झाल्याशिवाय कोणाला आत धाडू नका. वाळवण्याच्या शास्त्रात हेही येतेच.

घरी करणाऱ्या भगिनींना एवढेच सांगू, की थर पातळ घाला. नुसत्या सावलीत दमट हवेने बुरशी धरते. म्हणून वर झाकण असलेली, काळ्या पत्र्याने तापणारी सौरपेटी बरी. ऊन हवेला द्यावे, रसाला नव्हे. पोळी तयार झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा.