चिंचोके, वाळूची अक्षरे आणि एक बंद कपाट
(शताब्दी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बालविभागासाठी कोणती शैक्षणिक साधने घ्यावीत, याविषयी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांनी आज्ञा केली. शताब्दी निधीतील काही रक्कम त्यासाठी बाजूला काढली आहे आणि तयार साधनसंचांची रंगीत पत्रके कार्यालयाच्या टेबलावर येऊन पडली आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून आडपडदा न ठेवता आरंभीच सांगते : निदान वर्षभर काहीही विकत घेऊ नये, असे माझे मत आहे.

या मताला माझ्या आयुष्यातील एक अपराध कारण आहे. बालवर्गाची शिक्षिका म्हणून मी ज्या शाळेत प्रथम रुजू झाले, तेथे माँटेसोरी साधनांचा एक देखणा संच होता. लाकडी दट्टापेट्या होत्या, दहा घनांचा गुलाबी मनोरा होता. सर्वांत लहान घन एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. एक दट्टा हरवला तरी पेटी निकामी होईल, या धास्तीने हे सारे काचेच्या कपाटात कुलूपबंद असे. तपासणीच्या दिवशी ते बाहेर निघे. किल्ली माझ्याकडे होती आणि ती मी तीन वर्षे मोठ्या निष्ठेने सांभाळली. एकदा एका मुलाने काचेला नाक लावून मला विचारले, "बाई, हे कोणाचं आहे?" मी म्हटले, "शाळेचं." तो मुकाट्याने अंगणात निघून गेला. तेथे त्याने विटांचे तुकडे मोठ्यावर लहान असे रचायला घेतले. मनोराच तो! मला मात्र ते कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

दट्टापेटीचे सारे मर्म एवढेच, की दट्टा चुकीच्या खाचेत बसत नाही. चूक झाली हे बाईंनी सांगावे लागत नाही, मुलाचे मूल ते ओळखते आणि पुन्हा खटपट करते. हा गुण लाकडाचा नव्हे, रचनेचा आहे. आणि रचना पुठ्ठ्यातही उतरते.

आपल्याच गुजरातेत हा विचार फार आधी रुजला. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर काढले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण खरी कसोटी लागली ती १९४५ नंतर, बोर्डीला. एका गुजराती वकिलाने आरंभिलेले काम एका मराठी बाईने समुद्रकाठच्या त्या खेड्यात नेले, तेव्हा महागडी साधने जवळजवळ निरुपयोगी ठरली. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांनाच साधन केले. मुले वर्गाकडे येईनात, तेव्हा वर्गच मुलांच्या अंगणात गेला. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला आणि १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला.

ग्रंथालयात बसून हे ऐकताना आपणांस सयाजीराव महाराजांच्या राज्यातील फिरत्या ग्रंथपेट्या आठवल्या असतील. वाचक पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हीच ती दृष्टी.

आता प्रत्यक्षाकडे वळते. बारा रिकाम्या काड्यापेट्या घ्या. दोहोंत वाळू, दोहोंत मोहरी, दोहोंत तांदूळ, दोहोंत वाटाणे, दोहोंत चिंचोके. दोन रिकाम्याच ठेवा. कडा चिकटवून टाका आणि जोडीच्या तळाला एकाच रंगाचा ठिपका द्या. मुलाने हलवून, ऐकून जोड्या लावायच्या आणि उलटून स्वतःच पडताळायच्या. काडीपेटी फुटली तर दुसरी करता येते. म्हणून ती मुलाच्या हाती निर्धास्तपणे देता येते. दोन सूचना मात्र पाळाव्यात. गुंजा कितीही गोजिरवाण्या दिसल्या तरी त्या विषारी आहेत, बालवर्गात आणू नयेत. आणि तीन वर्षांच्या आतील मुलांच्या हाती सुटे बी देऊ नये. ते नाकात किंवा घशात जाते.

पुस्तकांच्या दुकानांतून येणारे साधन कितीही चांगले असो, आपल्या मुलांची एक गोष्ट त्याला ठाऊक नसते. आपली मुले घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि बहुधा शाळेत इंग्रजी बोलतात. 'ऐ' म्हणजे ऐरण, असा तक्ता त्यांच्यापुढे टांगला तर ऐरण समजावून सांगण्यातच तास जातो. उलट, त्यांच्यापाशी जे आहे ते आपण वापरीत नाही. गुजराती पाट्या वाचणाऱ्या मुलाला ग, म, न, प, त, र, व ही अक्षरे बारीकसारीक फरक सोडले तर आधीच येतात. उणीव असते ती शिरोरेषेची. पुठ्ठ्यावर सरस लावून बारीक वाळूचे गुजराती अक्षर करावे आणि मुलाच्या हाती केरसुणीची एक काडी द्यावी. काडी डोक्यावर ठेवली की अक्षर मराठी झाले! मग दोन बोटांनी गिरवावे. अ, क, च, ज यांची वळणे वेगळी आहेत. ती मागाहून, सावकाश. हे साधन पुण्याहून येणार नाही, ते येथेच व्हायला हवे.

शब्दांचेही तसेच. गेल्या उन्हाळ्यात येथल्या बालविभागात पिकलेल्या आंब्याचे चित्र पाहून एक मुलगी "कैरी" म्हणाली आणि शेजारच्या आजींनी तिला हसून चूक ठरविले. मुलगी गप्प झाली. गुजरातीत आंब्याच्या फळाला केरी म्हणतात. म्हणजे ती चुकली नव्हती, दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभी होती. तिला हवी होती दोन चित्रपत्रे : एक हिरवी कैरी, एक पिवळा आंबा, आणि सोबत जमल्यास दोन्हींचा वास.

भारत सरकारने २०२३ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला. त्यातली खेळणी, कोडी, बाहुल्या यांविषयी माझी तक्रार नाही. पण कोणतीही पेटी आपल्याकडे आली तरी तिला कुलूप लागू नये आणि तिच्यात आपली भर पडावी.

माझी विनंती अशी. बालविभागाच्या कपाटाचे कुलूप काढावे. मुलांच्या छातीइतक्या उंचीची एक फळी लावावी. दर शनिवारी दोन तास दुरुस्तीचे टेबल मांडावे. फाटलेली पुस्तके, निखळलेले पुठ्ठे तेथे मुलांदेखत जोडावेत. लेई मी करून आणीन. आजी-आजोबांनी रिकाम्या काड्यापेट्या आणि चिंचोके जमवावेत, तरुण मंडळींनी चित्रे काढावीत. वर्षअखेर काय हरवले, काय मोडले आणि काय नवे झाले, याचा हिशेब समितीपुढे ठेवीन. काहीच मोडले नाही असे आढळले, तर मात्र ती पत्रके पुन्हा टेबलावर घ्यायला माझी हरकत नाही.